सीआरपी नॉर्मल, तरी रक्त पडते : आतड्यांच्या दाहाविषयी वाचकांचे प्रश्न

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे दोन प्रमुख आजार. त्यांविषयी आलेल्या पत्रांत औषधांपेक्षा रक्ताच्या रिपोर्टबद्दलच अधिक विचारणा आहे. त्यांपैकी काही प्रश्नांची उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : माझे वय ३४ असून सहा वर्षांपासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. महिनाभरापासून दिवसातून चार-पाच वेळा शौचाला जावे लागते आणि बहुतेक वेळा रक्त दिसते. सीआरपी (दाह असल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) मात्र ३, म्हणजे नॉर्मल आला. घरची मंडळी म्हणतात, ‘रिपोर्ट चांगला आहे, डोक्यातून विचार काढून टाक.’ मी विनाकारण घाबरते आहे का?

उत्तर : नाही. शौचावाटे वारंवार रक्त जाणे हे या आजारातील सर्वांत महत्त्वाचे लक्षण आहे आणि सीआरपी नॉर्मल आला म्हणून ते खोटे ठरत नाही. घरच्यांनाही हे उत्तर वाचायला द्यावे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

सीआरपी हे प्रथिन १९३० मध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात आढळले. ते मुख्यतः यकृतात तयार होते. दाह झालेल्या आतड्यातील पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा संदेशवाहक रेणू सोडतात, तो रक्तातून यकृतापर्यंत पोचतो आणि काही तासांतच यकृत सीआरपी बनवू लागते. त्यामुळे रिपोर्टमध्ये दिसतो तो आतड्यातील दाहाला यकृताने दिलेला प्रतिसाद, आणि हा प्रतिसाद किती मोठा येईल हे दाह किती खोलवर व किती भागात आहे यावर, तसेच त्या व्यक्तीच्या जनुकीय घडणीवर अवलंबून असते. क्रोन्समध्ये दाह आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत शिरू शकतो, म्हणून तेथे सीआरपी बहुधा चांगलाच वाढतो. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह सर्वांत आतल्या अस्तरापुरता राहतो. तो फक्त गुदाशयात किंवा मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात असेल, तर रक्त पडत असूनही सीआरपी नॉर्मल येणे मुळीच नवलाचे नाही. काही जणांच्या शरीरात तर दाह कितीही असला तरी हे प्रथिन फारसे वाढतच नाही.

यासाठी आपण एक काम अवश्य करावे. जुनी फाइल काढून, यापूर्वी कोलोनोस्कोपीत दाह प्रत्यक्ष दिसला होता त्या सुमाराचा सीआरपी किती होता ते पाहावे. तेव्हा तो ४० असेल आणि आज ३ असेल, तर आजच्या आकड्याला काही वजन आहे. तेव्हाही तो ३ किंवा ४ च असेल, तर आपल्या बाबतीत ही तपासणी आजाराचा माग काढायला उपयोगाची नाही, आणि ही गोष्ट फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून ठेवावी. म्हणजे पुढे भेटणारा प्रत्येक नवा डॉक्टरही नॉर्मल सीआरपी पाहून निश्चिंत होणार नाही.

आपल्यासाठी अधिक भरवशाची तपासणी शौचाची आहे. कॅलप्रोटेक्टिन हे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतील प्रथिन असून, या पेशी आतड्याच्या अस्तरात जमून पोकळीत उतरल्या की ते शौचात सापडते. एका ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सामान्य धरतात आणि २५० च्या वर गेले तर दाह सक्रिय असण्याची शक्यता बरीच असते. मधल्या आकड्यांचा अर्थ लक्षणे पाहूनच लावावा लागतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आणि आतड्याच्या जंतुसंसर्गानेही हे प्रमाण वाढते. तेव्हा अशा गोळ्या घेतल्या असतील तर तसे आधी सांगावे, आणि शौचाची जंतूंसाठीची तपासणी, विशेषतः क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठीची, त्याच वेळी करून घ्यावी. गरज वाटल्यास डॉक्टर दुर्बिणीने मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पाहतील.

आणखी एक गोष्ट. ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये सांगितलेले गंभीर झटक्याचे निकष आजही वापरले जातात : दिवसातून ६ किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच, आणि त्याच्या जोडीला नाडी मिनिटाला ९० च्या वर, ताप ३७.८ अंश सेल्सिअसच्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (रक्तातील तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) ३० च्या वर, यांपैकी एक जरी असले तरी. तशी वेळ आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयात जावे.

प्रश्न : माझ्या १९ वर्षांच्या मुलाला क्रोन्स आहे. बायोलॉजिक इंजेक्शने सुरू केल्यावर सीआरपी ४८ वरून ४ वर आला, पण त्याच वेळी ईएसआर ३८ होता. तीन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये सीआरपी केला तो ०.९ आला. म्हणजे तो आणखी कमी झाला असे समजावे का? आणि ईएसआर का उतरत नाही?

उत्तर : आधी त्या ०.९ च्या पुढे छापलेले एकक पाहा. काही लॅब सीआरपी मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, तर काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, आणि या दोन आकड्यांत दहापटींचा फरक पडतो. दुसऱ्या लॅबचे एकक प्रति डेसिलिटर असेल, तर ०.९ म्हणजे पहिल्या लॅबच्या हिशेबाने ९. तसे असेल तर सीआरपी कमी झालेला नाही, ४ वरून ९ झाला आहे. अशा गफलतीमुळे कित्येक घरांत विनाकारण आनंद होतो किंवा विनाकारण धसका बसतो, म्हणून शक्य असेल तर दरवेळी एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. ९ हा आकडा लहान आहे आणि साध्या सर्दी-तापानेही तेवढी वाढ होते. पण क्रोन्सच्या रुग्णात तो तसाच सोडून देऊ नये. दोन-तीन आठवड्यांनी सीआरपी पुन्हा करावा आणि सोबत कॅलप्रोटेक्टिनही करून घ्यावे.

ईएसआरचे गणित वेगळे आहे. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात, एवढेच ही तपासणी सांगते. दाहामुळे रक्तात फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढले की या पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. सीआरपीचे रक्तातील प्रमाण सुमारे १९ तासांत निम्मे होते, म्हणून उपचार लागू पडला की तो काही दिवसांतच उतरतो. फायब्रिनोजेन मात्र सावकाश कमी होते, आणि रक्तक्षय असेल तर दाह ओसरल्यावरही ईएसआर चढाच राहतो. तेव्हा नुसत्या ३८ वरून उपचार फसला असे म्हणू नये. मुलाचे हिमोग्लोबिन किती आहे ते त्यासोबत पाहावे. रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचेही असेच आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे २० दिवसांचे, त्यामुळे ते पूर्वपदावर यायला वेळ घेते. पण ते हळूहळू वर चढत असेल आणि वाढलेल्या प्लेटलेट उतरत असतील, तर ते सुधारणेचेच लक्षण आहे.

मुलाला आता बरे वाटते आहे, मग या तपासण्या कशाला, असा विचार मनात येऊ शकतो. क्रोन्समध्ये पोट दुखायचे थांबले तरी आतला दाह चालू राहू शकतो आणि त्यातूनच पुढे आतडे अरुंद होणे किंवा भगंदर होणे असे त्रास उद्भवतात. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काम’ (CALM) या अभ्यासात रुग्णांच्या एका गटाचे उपचार मुख्यतः लक्षणांवरून वाढवले गेले, तर दुसऱ्या गटाचे लक्षणांसोबत सीआरपी ५ च्या आणि कॅलप्रोटेक्टिन २५० च्या वर आहे का हे पाहूनही. ४८ आठवड्यांनी दुसऱ्या गटातील ४६ टक्के रुग्णांचे आतड्याचे अस्तर भरून आले होते, पहिल्या गटात हे प्रमाण ३० टक्के होते. मुलाच्या डॉक्टरांनी ठरावीक काळाने तपासण्या सांगितल्या असतील तर त्या चुकवू नका, असे कळकळीने सांगावेसे वाटते ते यामुळेच.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन ९.८ आहे, पण फेरिटिन ७०, म्हणजे छापील मर्यादेत आहे. शरीरात लोह पुरेसे असताना डॉक्टर शिरेतून लोह देण्याविषयी का बोलतात?

उत्तर : कारण दाह असताना फेरिटिनचा आकडा जसाच्या तसा धरता येत नाही. फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन असले तरी दाहात ते आपोआपच वाढते. दाह नसलेल्या व्यक्तीत ते ३० च्या खाली गेले की लोहाची कमतरता मानतात. दाह सक्रिय असेल तर १०० पर्यंतचे फेरिटिनही कमतरतेशी सुसंगत असते. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरला आहे ते) केले आणि ते २० टक्क्यांच्या खाली आले, तर शंका आणखी बळावते. गोळ्यांऐवजी शिरेतून देण्याचे कारण पहिल्या उत्तरात आलेले इंटरल्युकिन-६ हेच आहे : त्याच्यामुळे यकृतात हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही. आजार सक्रिय आणि हिमोग्लोबिन १० च्या खाली असताना शिरेतून लोह देणे हा मान्य उपचार आहे. डॉक्टरांचे म्हणणे योग्य आहे.

प्रश्न : या तपासण्या उपाशीपोटी कराव्या लागतात का?

उत्तर : सीआरपी, ईएसआर आणि रक्तपेशींची मोजणी यांसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. लोहाच्या तपासण्या सकाळी उपाशीपोटी, त्या दिवशीची लोहाची गोळी घेण्याआधी कराव्यात. नुकताच ताप, दातदुखी किंवा लसीकरण झाले असेल तर ते रिपोर्टवर पेनाने लिहून ठेवा.

प्रश्न : अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) घेतो. दोन वर्षे सर्व रिपोर्ट नॉर्मल आहेत. गोळ्या बंद करता येतील का?

उत्तर : स्वतःहून मुळीच बंद करू नका. आपले रिपोर्ट नॉर्मल आहेत ते गोळ्या चालू असताना. शिवाय अ‍ॅझाथायोप्रिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी आणि यकृताच्या तपासण्या नियमित केल्या जातात त्या औषधाचा दुष्परिणाम वेळीच लक्षात यावा म्हणून; त्या ठीक येणे म्हणजे औषध मानवते आहे, आतडे बरे झाले आहे असे त्यांवरून म्हणता येत नाही. औषध कमी करण्याचा विचार करायचाच असेल तर आधी कॅलप्रोटेक्टिन आणि कोलोनोस्कोपीने अस्तर खरोखर भरून आले आहे का ते पाहावे लागेल. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध कमी झालेच, तर पहिल्या वर्षात कॅलप्रोटेक्टिन दर तीन महिन्यांच्या सुमारास करत राहा, कारण आजार उलटणार असेल तर ते बहुधा रक्त दिसण्याच्या काही आठवडे आधीच वाढू लागते.