बोलत नाही, मग नंबर काढला कसा?

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, डाउन सिंड्रोम आहे. चालायला उशीर झाला, अजून चार-पाच शब्दच बोलतो. मिरजेला तपासलं तर दोन्ही डोळ्यांना प्लस ५ नंबर निघाला. त्याला चित्रंसुद्धा ओळखून सांगता येत नाहीत, मग हा नंबर खरा धरायचा का? चष्मा मिनिटभरही ठेवत नाही, फेकतो. सासूबाई म्हणतात, आधी बोलू दे, मग बघू.
– एक आई, पलूस

उत्तर : ताई, थेंब घालून बाहुली मोठी केली असेल, तर नंबर खुशाल खरा धरा. डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली की आतून लालसर उजेड परत येतो. तो कुठं सरकतो ते बघत आम्ही समोरच्या काचा बदलत जातो. याला रेटिनोस्कोपी म्हणतात. मुलानं बोलायची गरजच नाही, क्षणभर रडायचा थांबला तरी आमचं काम होतं.

सासूबाईंना सांगा, मेंदू बघायला शिकतो तो पहिल्या सात-आठ वर्षांत. तोवर धूसरच दिसत राहिलं तर डोळा आळशी होतो, मग पुढं चष्मा लावूनही पूर्ण दिसत नाही.

आता फेकण्याचं. माझा पहिला संशय फ्रेमवर. या मुलांचं नाक वरच्या बाजूला बसकं असतं, चष्मा घसरतो आणि पोरगं काचेवरून बघतं. कपड्यांसारखी ‘वाढत्या अंगाची’ फ्रेम तर घेतली नाहीत ना? बरेच जण घेतात! नाकावर नीट बसणारी मऊ फ्रेम, मागून इलॅस्टिकचा पट्टा आणि पॉलिकार्बोनेटच्या (सहजी न फुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या) काचा मागा. घातल्यावर लगेच ताटलीत त्याच्या आवडीचं काही द्या. तुमच्याकडं बेदाण्याला काय तोटा! जवळ बसून एकेक उचलू द्या. तो ओढायच्या आत तुम्हीच चष्मा काढा. वेळ हळूहळू वाढवा.

आणखी एक. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांना योग्य नंबर लावूनही जवळचं स्पष्ट दिसत नाही, कारण डोळ्याची जवळ फोकस करायची ताकदच कमी असते. पुढच्या तपासणीत हे मुद्दाम बघायला सांगा. गरज असेल तर बायफोकल, म्हणजे एकाच काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा देतात. हो, आजोबांसारखाच! फक्त काचेतली रेघ बाहुलीच्या मधोमध यायला हवी. मोठ्यांसारखी खाली ठेवली तर मूल त्यातून बघतच नाही. रेघेची उंची डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या, म्हणजे चष्म्याच्या दुकानात घोळ होणार नाही.