जुन्या तबकड्या हाती लागल्या तर

सांगली-मिरजेच्या जुन्या घरांतून ग्रामोफोनच्या तबकड्या अजून निघतात. घेण्याआधी ती लाखेची की व्हिनाइलची, ते बघा. लाखेची जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेऱ्यांची. मिरजेचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब ऐकायला मिळतात ते मुळात अशाच तबकड्यांमुळे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, पण काय सूर आहे! लाखेच्या तबकडीला एलपीची, म्हणजे व्हिनाइलच्या जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीची, सुई लावू नका. ती बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर ऐकू येते. साधारण ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची वेगळी सुई मिळते, तीच घ्या.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट अजिबात लावायचं नाही, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड. खाचेच्या दिशेनंच पुसा, लेबल कोरडं ठेवा.

एलपीवर सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलाय तेवढाच ठेवा, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. भार कमी केला की तबकडी वाचते, हा गैरसमज. सुई उड्या मारते आणि खाचेच्या भिंती खरवडते. पावसाळ्यात तबकड्या उभ्याच, ओलीच्या भिंतीपासून लांब.

जॅझसाठी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही एलपी घ्या. जुन्या प्रतीत पहिली बाजू किंचित चढ्या सुरात वाजते, तानपुऱ्याला सरावलेल्या कानाला ते खटकेल. तेव्हा टर्नटेबल उघडत बसू नका: ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपयंत्रच हळू फिरत होतं. १९९०च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत हा दोष काढलाय, जमलं तर त्यानंतरचीच प्रत शोधा.