मॅस्टोडॉनवर नव्याने आलेल्या नागपूरकरास

आठवडा उलटला तरी मॅस्टोडॉनचे मुख्य पान ओस वाटते, असे आपण लिहिले आहे; त्यात आपली चूक नाही. २०१६ साली सुरू झालेल्या या समाजमाध्यमात आपली आवड ताडून मजकूर पुढ्यात आणणारी यंत्रणा मुख्य पानावर नसते. मुख्यतः आपण ज्यांना फॉलो करतो त्यांचे लेखन आणि त्यांनी पुढे पाठवलेल्या नोंदी तेथे काळाच्या क्रमाने उमटतात. म्हणून लिहिण्याआधी तीस-चाळीस माणसे शोधून फॉलो करावीत आणि त्यांच्या नोंदींना मनापासून उत्तरे द्यावीत. ओळख खरोखर उत्तरांतूनच होते.

नवखे प्रामुख्याने या चुका करतात :

- हॅशटॅग न देणे. अंबाझरी तलावावरील पक्ष्याचे सुंदर छायाचित्रही त्यावाचून अनोळखी वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते.
- सर्व्हर, म्हणजे मॅस्टोडॉनच्या अनेक स्वतंत्र केंद्रांपैकी आपले खाते जेथे असते ते केंद्र, निवडण्यातच दिवस घालवणे. तो पुढे बदलता येतो व फॉलोअर सोबत नेता येतात. जुन्या नोंदी मात्र मागेच राहतात.
- खासगी उल्लेख, म्हणजे ज्यांचे नाव घेतले त्यांच्यासाठीच असलेली नोंद, पूर्ण गुप्त समजणे. सर्व्हर चालवणाऱ्यास तो मजकूर पाहता येऊ शकतो, त्यामुळे फोन क्रमांक किंवा बँकेचा तपशील तेथे कदापि लिहू नये.

याद्या आणि फिल्टर यांचा विचार महिनाभराने करू. आज आपला परिचय लिहा, सोबत फुटाळा तलावावरील संध्याकाळचे एखादे छायाचित्र जोडा आणि दृष्टिहीन वाचकांसाठी त्याचे वर्णन अवश्य द्या.