सभागृह पाडणार, पखवाज कुठं ठेवू?

प्रश्न : लातूरच्या जुन्या भागात ट्रस्टचं सभागृह आहे. मंगळवारी आमचं भजन, शनिवारी बचत गट. 1993 च्या भूकंपात किल्लारीला पाठवायच्या भाकरी आम्ही इथंच बांधल्या. आता तिथं व्यापारी संकुल होणार म्हणे. महिनाभरात कपाट रिकामं करा, असं तोंडी सांगितलंय. पखवाज, सतरंज्या, गटाची पत्र्याची पेटी कुठं न्यावी? आमचं काही चालतं का? – एक भजनकरी

उत्तर : काकू, चालतं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 प्रमाणं धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची जागा विकता येत नाही, की इमारत 3 वर्षांहून जास्त भाडेपट्ट्यानं देता येत नाही. धर्मादाय कार्यालयातून आधी ट्रस्टच्या परिशिष्ट 1 ची नक्कल काढा. त्यात उद्देश आणि मालमत्ता दोन्ही असतात. मंजुरीचा अर्ज गेला असेल तर भजनी मंडळ आणि गट, दोघांच्या सह्यांनी लेखी हरकत द्या.

मालकी तुमची नाही, म्हणून इमारत वाचेलच असं मी म्हणणार नाही. पण नव्या इमारतीत सभागृह किती चौरस फूट, कोणत्या मजल्यावर, हे कागदावर घ्या. मजला महत्त्वाचा. आमच्या परभणीच्या गल्लीतल्या वाचनालयाला ‘वर जागा देऊ’ म्हणाले आणि दिली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे धरून चढणारे आजोबा महिन्याभरात यायचे थांबले. ते मला अजून सलतं.

लेखी नोटीस येईपर्यंत कपाट हलवू नका. गटाच्या वह्या तेवढ्या आजच घरी आणा.