ऑफिसात कामगिरीचा रिव्ह्यू तोंडावर आहे, नोकरकपातीची कुजबुज चालू आहे आणि झोप उडाली आहे. काय करू?

आधी एक गाठ सोडवूया. रिव्ह्यू आणि कपात या बऱ्याचदा वेगळ्या गोष्टी असतात. कपातीची यादी अनेकदा प्रकल्प बंद होणं, खर्च, एकाच कामाला दोन टीम असणं यावरून ठरते. त्यात उत्तम रेटिंगवालेही जातात. म्हणून नोकरी जाणं म्हणजे नालायक ठरणं नव्हे.

रेटिंगही निव्वळ तुमच्या कामाचं माप नसतं. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत तिचे तेव्हाचे प्रमुख जॅक वेल्च यांनी कर्मचाऱ्यांची वरचे २०, मधले ७० आणि तळाचे १० टक्के अशी विभागणी रूढ केली, त्यात तळाच्या १० टक्क्यांवर टांगती तलवार असे. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी, म्हणजे काही जणांना खालचं रेटिंग द्यायचंच ही पद्धत, २०१३ मध्ये बंद केली. जिथे अशी पद्धत आहे तिथे चांगल्या टीममधलाही कुणीतरी खाली ढकलला जातो.

आजच वर्षभराचं काम आकड्यांसकट लिहून काढा. मॅनेजरला शेवटचे एक-दोन महिनेच ठळक आठवतात, आधीची मेहनत तुम्हीच समोर ठेवायची. आणि ‘माझी नोकरी राहील का?’ असं विचारू नका, ते बहुधा त्यांना सांगताच येत नाही. ‘पुढच्या सहा महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय हवंय?’ असं विचारा. उत्तर गोलमोल आलं तर बायोडेटा त्याच आठवड्यात अपडेट करा, जुन्या सहकाऱ्यांना फोन करा. मोठे हप्ते सध्या नकोत.

अगदी कपातीसाठी बोलावणं आलंच, तर घाबरून त्याच दिवशी राजीनाम्यावर सही करू नका. कागद वाचायला वेळ मागा, लेखी मागा.