प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लिसचं 'अँटिगनी' नाटक न वाचता त्यावरचा त्याच नावाचा २०१९ चा सिनेमा कळेल का?
हो, आरामात कळतो, कारण दिग्दर्शिका सोफी देरास्पने गोष्ट थेट आजच्या कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधे आणलीय, अल्जिरियातून आलेलं कुटुंब, आईवडील नाहीत, आजी नि चार भावंडं, एका भावाला पोलिसांची गोळी लागते, दुसऱ्याला देशाबाहेर काढायची वेळ येते तेव्हा त्यांची बहीण अँटिगनी केस कापून त्याच्या जागी तुरुंगात बसते. २००८ साली तिथेच पोलिसांच्या गोळीने एक तरुण गेला होता, दिग्दर्शिकेला त्यावरून सुचलं. अँटिगनी झालेल्या नाहेमा रिचीचं काम तर जबरदस्तच आहे! फक्त एक, नाटकात प्रश्न मेलेल्या भावाच्या अंत्यसंस्काराचा आहे, इथे जिवंत भावाला वाचवायचंय आणि क्रेऑन राजाच्या जागी पोलीस, कोर्ट अशी अख्खी यंत्रणा आहे, त्यामुळे राजाशी तिचा तो समोरासमोरचा वाद हवा असेल तर नाटकच वाचा.