दुहेरी, द्विगुणित की दुणावलेले?

प्रश्न असा: पेटुनिया या फुलझाडाच्या पैदाशीत ज्यांना ‘डबल्ड हॅप्लॉइड’ (गुणसूत्रांचा एकच संच दुप्पट करून मिळवलेली) म्हणतात, त्या रोपांना मराठीत ‘दुहेरी’ म्हणावे की ‘द्विगुणित’?

‘दुहेरी’ अजिबात नको. दुहेरी पेटुनिया म्हणजे पाकळ्यांचे जास्त थर असलेले फूल. त्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही, तरी हा घोळ थांबत नाही.

‘द्विगुणित’ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पेटुनियाच्या साध्या पेशीत १४ गुणसूत्रे, परागकणात ७. संकरित रोपाच्या कोवळ्या कळीतले परागकोश, आतले कण अजून एककेंद्रकी असतानाच, काढून पोषक माध्यमावर ठेवतात. कणातून उगवलेले रोप ७ गुणसूत्रांचे, म्हणजे एकगुणित, आणि वांझ. त्याला कोल्चिसीन हे रसायन दिले (साधारण ०.०५ ते ०.१ टक्के, एक-दोन दिवस) की तर्कुतंतू (पेशी विभागताना गुणसूत्रे ओढणारे धागे) बनत नाहीत, पेशी विभागत नाही आणि गुणसूत्रे १४ होतात. सहा पिढ्या स्वपरागण करूनही जी शुद्धता (गुणसूत्रांचे दोन्ही संच सारखे असणे) पुरी येत नाही, ती इथे एका पायरीत येते. पण परागकोशाच्या भिंतीतूनही कॅलस, म्हणजे पेशींचा बिनआकाराचा गोळा, फुटतो. केसरतंतूचा (परागकोशाच्या देठाचा) तुकडा चिकटून राहिला तर तोही फुटतो. त्यातून आलेल्या रोपातही १४च! मुळाच्या टोकात गुणसूत्रे मोजून फरक कळत नाही, डीएनए मार्कर (डीएनएमधल्या ओळखखुणा) लावावे लागतात. दोन्ही रोपे ‘द्विगुणित’च, पण एक शुद्ध आणि दुसरे मूळ संकराची नक्कल.

आता खरी गंमत. ‘द्विगुण’मधला ‘गुण’ हा गुणसूत्रातला गुण, असे काहीजण ठासून सांगतात. साफ चूक. संस्कृतात गुण म्हणजे दोरीचा पेड. द्विगुण म्हणजे दुपेडी, त्यावरून दुप्पट; गुणाकारही तिथलाच. हाच द्विगुण प्राकृतातून घासत आला आणि ‘बे दुणे चार’मधला ‘दुणे’ झाला. त्याचेच क्रियापद ‘दुणावणे’. आनंद दुणावतो, तशी गुणसूत्रे दुणावतात. म्हणून माझा शब्द: दुणावलेले एकगुणित.

परिभाषेचे आग्रही इथे ‘द्विगुणीकृत’ सुचवतात. मला तो मुळीच मान्य नाही. ‘कृत’ म्हणजे कोणीतरी केलेले. माध्यमावर असताना कित्येक एकगुणित पेशी कोल्चिसीनचा थेंबही न लागता आपोआप दुणावतात. त्यांना ‘कृत’ कसे म्हणणार? ‘दुणावलेले’ दोन्हीकडे चालतो. शिवाय कोल्चिसीन कमी पडले तर एक फांदी १४ची होते, दुसरी ७चीच राहते. असे रोप ‘अर्धवट दुणावलेले’ म्हटले की कामगारालाही कळते. ‘अर्धवट द्विगुणीकृत’ सांगून बघा.